गिटार कमी करा ना जी

“मले माहंच वाजवणं ऐकू नाही येऊन राह्यलं ना जी!”

असं म्हणायचा आणि करंगळीनं गिटारवरचं आवाजाचं बटन फिरवायचा. हळूच, शर्टावरची मुंगी झटकावी तसं. आपण बघेपर्यंत हात परत तारांवर आणि चेहरा असा, की मी कुठं काय केलं?

तुम्ही ऑर्केस्ट्रा ऐकायला गेला असाल तर असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. गायिका जीव तोडून गाते आहे, मानेच्या शिरा फुगल्या आहेत आणि ऐकू येते आहे नुसती गिटार. तुम्हाला वाटतं, बाईचा आवाज बारीक आहे. बाईचा आवाज बारीक नसतो हो. तिच्या बाजूला एक नालायक उभा असतो.

आमच्या नागपूरच्या ऑर्केस्ट्रा पार्टीत मी गायची आणि आमचा नालायक माझ्या डाव्या हाताला उभा राहायचा. मूळ गाव खापा, नोकरी हिंगण्याच्या कंपनीत. शिफ्ट सुटली की पाठीवर गिटार बांधून मोटरसायकलवर थेट कार्यक्रमाच्या जागी हजर. कधी उशीर नाही, कधी दारू नाही, कधी कोणाशी वाकडा शब्द नाही. त्यामुळे त्याची तक्रार केली की लोक माझ्याकडेच बघायचे.

आणि वाजवायचा चांगला. हे लिहिताना जिभेवर कारलं ठेवल्यासारखं होतं, पण खोटं कशाला बोलू?

मला वाटायचं, कंपनीतल्या मशीनींनी याचे कान गेले असतील. म्हणून एकदा तालमीत मी त्याच्या पाठीमागे जाऊन, अगदी पुटपुटल्यासारखं म्हटलं, “चहा आला.” झटकन वळला आणि म्हणाला, “कुठी हाये?” म्हणजे कान शाबूत. चहा ऐकू येतो, गिटार ऐकू येत नाही.

साउंड चेकला मात्र हा माणूस संत. साउंड चेक म्हणजे कार्यक्रमाआधी सगळ्यांचे आवाज लावून घेतात ते. तेव्हा तो इतकं नाजूक वाजवायचा की साउंडवाला म्हणायचा, “भाऊ, थोडं वाढवा.” हा मान खाली घालून, “नाही जी, इतकंच ठेवतो, ताईले त्रास नको.” लोक आले, पडदा उघडला, पहिलं गाणं संपलं, की करंगळी चालू.

त्याचा अ‍ॅम्प म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा डबा त्याच्या पायामागे जमिनीवर असायचा. आवाज त्याच्या गुडघ्यांना लागायचा आणि तिथून सरळ माझ्या कानात. साउंडवाल्यानं एकदा तो डबा उचलून प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवला, तोंड त्याच्या कानाकडे करून. “आता तं ऐकू येईन ना?” यानं दुसऱ्या गाण्याआधी डबा परत खाली ठेवला. म्हणे, खुर्चीवर ठेवलं की आवाजातला दम मरते. दम मरते! माझा मरत होता त्याचं काय?

माझ्या पायाशी मॉनिटर असायचा. गायकाला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्याच्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर. याची गिटार वाढली की मला माझा सूर ऐकू येईना, मग मी साउंडवाल्याला बोटानं खुणावायची, वाढव. मॉनिटर वाढला की याला गिटार ऐकू येईना, मग हा वाढवायचा. शेवटी मॉनिटर शिट्ट्या मारायला लागायचा आणि पहिल्या रांगेतली लेकरं कानावर हात ठेवून हसायची.

सुरुवातीला मी म्हणायची, “भाऊ, कमी करा ना जी.” मग “जी” गेलं. मग “भाऊ” गेलं. “काहून गा, तुले समजत नाही काय?” इथवर मी आले. पुढे तोंडानं बोलणंच सोडलं. गाता गाता त्याच्याकडे डोळे वटारायचे. डोळे वटारले की तो एवढंसं कमी करायचा आणि पुढच्या कडव्याला दुप्पट वाढवायचा.

दर कार्यक्रमानंतर माझा आवाज बसायचा. आणि हा काय करायचा माहिती आहे? खिशातून ज्येष्ठमधाची काडी काढून माझ्यापुढे धरायचा. “मायनं देल्ली. चघळत राहा ताई, गळा मोकळा होते.” आधी गळा दाबायचा, मग औषध द्यायचं. मी ती काडी घ्यायची, कारण गळा खरंच दुखत असायचा, आणि मनातल्या मनात शिव्या घालायची.

मला दुसरं काही येत नाही. शिक्षण बेताचं, शिवणकाम जमत नाही, स्वयंपाकाचं तर नावच नको. एक आवाज होता. त्यावर लोक मला सावनेरपासून उमरेडपर्यंत ओळखायचे. तो आवाज एक दिवस गाण्याच्या मधेच घोगरा झाला आणि परत आलाच नाही. डॉक्टर म्हणाले, स्वरतंतूंवर गाठी आल्या आहेत. ओरडून गाणं बंद करा, नाहीतर बोलणंही जाईल. आधी काही आठवडे तोंड पूर्ण बंद. घरच्यांनी फारसं दुःख केलं नाही. नवरा तर म्हणाला, घर किती मोठं वाटते आता.

मी हसले नाही. मला खात्री होती की माझा गळा त्या माणसानं खाल्ला.

डॉक्टरांनी हळू गायला परवानगी दिली तेव्हा मी पार्टीच्या मालकांना सांगितलं, “तो हळू वाजवत असला तरच मी येईन. नाहीतर मले सोडा.” मालकांनी त्याला माझ्यासमोर बोलावलं. मला वाटलं, नेहमीचं गाणं लावेल, ऐकू नाही येऊन राह्यलं. तो म्हणाला, “ताई, मायची आन. तुमी पाह्यलं की मी कमी करीन. जितके वेळा पाह्यलं तितके वेळा.”

मी म्हटलं, “पाहू.”

पुनरागमन सावनेरला, शारदोत्सवात, देवीसमोर. मंडप भरलेला. साउंड चेकला त्यानं हळू वाजवलं, मला त्याचं काही वाटलं नाही. पहिलं गाणं झालं. दुसरं झालं. तिसरं झालं. हात बटनाकडे गेला नाही. डबा खुर्चीवर, तोंड त्याच्या कानाकडे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला स्टेजवर भांडावं लागलं नाही आणि मी खुशीत गात होते, खालच्या पट्टीतली सोपी गाणी.

मग ते गाणं आलं, ज्याच्यासाठी लोक थांबतात. त्याचा अंतरा वर चढतो आणि तिथं बाकी वाद्यं थांबतात. फक्त गिटार आणि गाणारी. घरी मी ते पूर्ण चढून पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी मना केलं होतं, हे खरं. हिंमत झाली नव्हती, हेही खरं.

मी वर गेले आणि आवाज आलाच नाही. नुसती हवा. आणि मॉनिटरमधून ती हवा स्वच्छ, मोठी, माझ्याच तोंडावर आली. एवढा स्वच्छ मॉनिटर मला जन्मात मिळाला नव्हता. मी परत प्रयत्न केला, तर सूर फाटला, टरकन, जुन्या चादरीसारखा.

मी त्याच्याकडे पाहिलं. आत्ता वाढव रे बाबा! आत्ता! तुझ्या मायची शप्पथ, आत्ता मला झाकून टाक!

त्यानं माझे डोळे पाहिले, घाईनं मान हलवली आणि कमी केलं.

मी डोळे आणखी मोठे केले. हात वर करून खुणावायला गेले, तर त्यानं त्याआधीच आणखी कमी केलं. मी बघतच राहिले. मग त्यानं बटन पार शेवटपर्यंत फिरवलं, तारांवरून दोन्ही हात उचलले आणि हात बांधून उभा राहिला. शाळेत मुलगा उभा राहतो तसा.

मग मी एकटी होते. अंतरा संपेपर्यंत मंडपातल्या प्रत्येक माणसानं माझा गळा ऐकला. मागे कोणीतरी हसलं. बाकीचे हसले नाहीत, ते जास्त लागलं. शेवटी टाळ्या वाजल्या, म्हाताऱ्या माणसाला जिना चढल्यावर वाजवतात तशा.

कार्यक्रम आटोपल्यावर तो गिटार पाठीला बांधून माझ्याकडे आला. त्याच्या तोंडावर जो आनंद होता तो मी विसरू शकत नाही.

“ताई, आज तं बराबर होतं ना? तुमी पाह्यलं तं मी पूरा बंदच केला.”

मी त्याचा चेहरा नीट पाहिला. कुठं लबाडी सापडते का ते शोधलं. मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं हो. दोन थोबाडीत दिल्या असत्या, चारचौघांत उभा जाळला असता. पण नव्हती. शोधूनही नव्हती.

“हो,” मी म्हटलं. “बरोबर होतं.”

“पह्यल्यांदा म्हटलं तुमी,” तो म्हणाला आणि मोटरसायकलकडे गेला.

त्यानंतर मी स्टेजवर गायले नाही. आता पार्टीत निवेदन करते. बोलायला आवाज पुरतो. त्यानंही काही दिवसांत दुसरी पार्टी धरली. आमची परत भेट नाही आणि मला ती नकोच आहे.

परवा एका लग्नाच्या हॉलवर त्याच्या नव्या पार्टीतली गायिका भेटली. तरुण आहे, आवाज छान चढतो. म्हणाली, “ताई, तुमच्याकडून आलेला गिटारवाला किती समजदार हो! नुसतं पाहिलं की कमी करतो. असा माणूस मिळायला नशीब लागते.”

मी म्हटलं, “हो का?”