छडी हवेत असताना

छडी वर जायची आणि हवेतच थांबायची. मग सर वर्गाकडे बघायचे आणि सगळा वर्ग ओरडायचा, "शी इज गोइंग टू बी बीटन."

छडीखाली माझा हात असायचा. तळवा वर, बोटं ताणलेली. अजून मारलं नाही, पण आता मारणार. हे इंग्रजीत कसं म्हणतात ते वर्गाला शिकवायचं होतं. कोणाला जमलं नाही की वाक्य पुन्हा. तोवर छडी वरच. सगळ्यांना नीट म्हणता आलं की ती खाली यायची, खरोखरची. त्याचंही वेगळं वाक्य होतं.

मार सोसता यायचा. वाट बघणं सोसवत नव्हतं. समोर सगळी तोंडं एका सुरात माझं काय होणार ते सांगत असायची.

केशोरीकडच्या एका गावातली शाळा. मी सातवीत होते. इंग्रजीचे सर मूळचे गोंदियाचे, अर्जुनीला खोली करून राहायचे. प्रत्यक्ष दाखवून शिकवतात म्हणून त्यांचं नाव होतं. टेबलावरचा खडू बोटानं कडेपर्यंत ढकलत न्यायचे. खडू आता पडणार. पाण्याचा लोटा कलता धरायचे. पाणी आता सांडणार. वस्तू झाल्या की माणसं. कोणी काही होणार असेल, डॉक्टर, इंजिनीअर, तर त्या वाक्याला मोठ्या शेतकऱ्यांची पोरं उभी राहायची. कोणाला काही केलं जाणार असेल, मार बसणार, उन्हात उभं करणार, शाळेतून काढणार, तर आमच्या रांगेतून कोणीतरी. आमची रांग म्हणजे बौद्ध मोहल्ल्याची. बहुतेक वेळा मीच. सर एकदा म्हणाले होते, "ये लडकी रोती नहीं, इसलिए अच्छी है." वर्ग हसला होता.

आणि हे सगळं माझी माय ऐकायची.

माय शाळेत खिचडी रांधायची. मैदानापलीकडे किचन शेड होती. आमच्या मोहल्ल्यातल्या बाईच्या हातचं गावातली सगळी लेकरं खाणार, हे त्या गावात पहिल्यांदाच होत होतं. मायला त्याचं फार अप्रूप होतं. पहाटे आंघोळ, धुतलेलं लुगडं, केस घट्ट बांधलेले. कोणी बोट दाखवू नये म्हणून घासलेलं गंज-पातेलं पुन्हा घासायची. तरी गावातल्या पोरांचे घरून डबे येऊ लागले. ताटं कमी होत गेली. घरचंच आवडत असेल, माय म्हणायची. तिला तसंच वाटत होतं की तसं वाटून घ्यायचं होतं, मला आजही माहीत नाही.

वर्गाचा आवाज शेडपर्यंत जायचा. दारातून मी पुढे उभी दिसायचे. मायला इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता. ती मोहल्ल्यातल्या बायांना सांगायची, "माही पोर पुढं उभी राहून साऱ्याईले इंग्रजी शिकवते." मी काय सांगणार? हातावरचे वळ मुठीत लपवायचे आणि जेवायला बसायचे.

त्या दिवशी सरांनी मला फळ्याजवळ नाही, दारात उभं केलं. समोर शेड. माय मोठ्या सराट्यानं खिचडी हलवत होती. सरांनी छडी उचलली, पण माझ्यावर नाही. मैदानापलीकडे, तिच्यावर रोखली.

"द कुक इज गोइंग टू बी रिमूव्ह्ड."

वर्ग म्हणाला. मीही म्हटलं. सवयीनं तोंडातून निघालं. पुन्हा म्हणायची वेळ आली तेव्हा अर्थ कळला. पहिल्या बाकावरचा एक मुलगा खाली मान घालून हसत होता. त्याचे वडील शाळेच्या समितीवर होते. त्याला घरीच कळलेलं होतं. समितीची बैठक होऊन गेली होती आणि आमच्या मोहल्ल्यातलं तिथं कोणी नव्हतं.

"जोर से," सर म्हणाले. वर्ग जोरात म्हणाला.

मायनं मान वर केली. दारात मी, बाजूला सर, आणि आपल्याकडे रोखलेली छडी. सगळी लेकरं आपल्याकडे बघून काहीतरी म्हणतायत. तिनं लुगड्याला हात पुसले, पदर डोक्यावर नीट घेतला, आणि हसली. तिला वाटलं, पोरीच्या वर्गात आज आपलं कौतुक चाललंय.

ते हसू माझ्यानं अजून सहन होत नाही. त्या क्षणी वाटलं, जमीन फाटावी आणि आम्हा दोघींना पोटात घ्यावं.

सरांनी मला अर्थ सांगायला सांगितलं. मी सांगितला नाही. "हात पुढे कर," ते म्हणाले. छडी वर गेली. वर्गानं ओळखीचं वाक्य सुरू केलं. मी हात पुढे केला नाही. दोन्ही हात मागे धरले आणि विचारलं, "माह्या मायले काऊन काढून राहिले, सर?"

वर्ग थांबला. सर म्हणाले, इथं असली भाषा चालणार नाही, विचारायचं तर इंग्रजीत विचार.

इंग्रजीत मला विचारता येत होतं. 'व्हाय' कधीचं पाठ होतं. पण मला कारण मायला कळेल अशा भाषेत हवं होतं. मी पुन्हा म्हटलं, "काऊन, सर?"

कारण अख्ख्या वर्गाला ठाऊक होतं. ते तोंडानं म्हणायची हिंमत मात्र कोणात नव्हती, सरांतही नव्हती. छडी माझ्या खांद्यावर बसली. मी तशीच बाहेर पडले आणि मैदान ओलांडून शेडमध्ये गेले. मायनं विचारलं, का झालं? मी सांगितलं, "माय, ते तुले काढून राहिले. तेच म्हणून राहिले होते सारे."

माय वर्गाच्या दाराकडे बघत राहिली. सराटा थांबला. खिचडी खाली लागल्याचा वास आला तशी ती पुन्हा हलवू लागली. हलवता हलवता म्हणाली, "मी हासली न व, त्याईच्याकडं पाहून."

एवढंच. मग घंटा झाली आणि तिनं रांगेतल्या सगळ्या लेकरांना वाढलं.

काही दिवसांत मोहल्ल्याबाहेरची दुसरी बाई आली. डबेवाली पोरं रांगेत बसू लागली. मोहल्ल्यातले लोक अर्जुनीला जाऊन तक्रार देऊन आले. काही झालं नाही. माय पुन्हा धानाच्या रोवणीला जाऊ लागली, इटियाडोह धरणाच्या पाण्यावरच्या दुसऱ्यांच्या बांध्यांत. शाळेवरून जवळचा रस्ता होता. ती लांबून वळसा घालून जायची, वर्गाचा आवाज कानावर पडू नये म्हणून. त्यानंतर मला छडी पाठीवर बसली, पायावर बसली. हात मी पुढे केला नाही.

आता मी गोंदियातल्या एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. डॉक्टर खाटेभोवती उभे राहतात आणि खाटेवरच्या माणसाचं काय होणार ते इंग्रजीत बोलतात. पाय कापणार आहेत. घरी पाठवणार आहेत, कारण करण्यासारखं काही उरलेलं नाही. आणि खाटेवरचा माणूस त्यांच्याकडे बघून हसतो. हात जोडतो. माझी माय मला प्रत्येक खाटेवर दिसते.

मी तिथंच सांगते, डॉक्टर उभे असताना. "बाबा, तुमचा पाय कापाचा म्हणून राहिले. काऊन ते विचारा." माझ्याविरुद्धच्या तक्रारी वर गेल्या आहेत. परवा मॅनेजर माझ्यासमोर दुसऱ्याला इंग्रजीत म्हणाले की हिला काढावं लागणार आहे. मी हसले नाही. मराठीत म्हटलं, कळलं मला, आता कारण सांगा.

त्यांनी अजून सांगितलेलं नाही. छडी हवेत आहे. घर माझ्या पगारावर चालतं, आणि माय आता थकली आहे. तरी उद्या पुन्हा कोणाच्या खाटेशी असं काही बोललं गेलं, तर मी पुन्हा सांगणार. माझ्यादेखत आमचं माणूस न कळता हसणार नाही. काढायचं तर काढा. हात मी पुढे करणार नाही.