लाल बिल्ल्यांची तपासणी

आमच्या शाळेत भाषा शिकवणाऱ्या बाईंना सगळे ‘तीनपानी’ म्हणायचे. एकाच धड्याची त्या तीन पानं करायच्या: भराभर वाचणाऱ्यांसाठी एक, अडखळणाऱ्यांसाठी मोठ्या अक्षरांचं, आणि घरी वेगळीच भाषा बोलणाऱ्यांसाठी चित्रांचं. आम्ही बाकीचे चहा ढोसत त्यांची टिंगल करायचो. मी गणिताचा, टिंगलीत सगळ्यात पुढे. आता आठवलं तरी स्वतःची शिसारी येते.

त्यांच्या वर्गात घरी वेगळीच भाषा बोलणाऱ्या एका इस्त्रीवाल्याची मुलगी होती. दोन वर्षं तिने वर्गात तोंड उघडलं नव्हतं. बाईंनी खाणाखुणा करत, चित्रं काढून घेत तिच्याकडून बापाच्या दुकानाची गोष्ट काढली आणि त्याचं पाच ओळींचं पान केलं. ते पान ती रोज छातीशी धरून आणायची. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांसमोर ती ते वाचणार, असं बाईंनी तिला कबूल केलं होतं.

तपासणीच्या पत्रात ‘ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे शिक्षण’ बघायचं लिहिलं होतं. लगेच बिल्ले आले: कच्च्यांना लाल, मधल्यांना पिवळे, हुशारांना हिरवे. आदल्या दिवशी मुख्याध्यापक बाईंना म्हणाले, “खरी कच्ची मुलं नकोत हं. तिथे त-त-प-प झालं तर माझी अब्रू जाईल. हुशार पोरांनाच लाल बिल्ले लावा. आधी अडखळू देत, मग तुमच्या पानाने सुधारू देत.”

“सर, हे किळसवाणं आहे,” बाई म्हणाल्या.

“असेल. तुम्हाला नोकरीत कायम करायचा कागदही माझ्याच टेबलावर आहे.”

बाईंनी बिल्ल्यांचा डबा उचलला. शेजारी बसलेला मी वह्या तपासत राहिलो.

दुसऱ्या दिवशी खऱ्या कच्च्या बारा मुलांना शेजारच्या खेळाच्या खोलीत कोंडलं आणि राखणीला मला बसवलं. घामट गाद्या, फुटके चेंडू, कुबट वास. मधल्या भिंतीला जाळी होती. तिला डोळा लावून इस्त्रीवाल्याची मुलगी उभी राहिली. पलीकडे वर्गात पहिला येणारा मुलगा लाल बिल्ला लावून “घ… घ… घर” करत होता. असं लाजिरवाणं सोंग मी जन्मात पाहिलं नाही. मग तो घडाघडा वाचायला लागला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, बाईंना शाबासकी दिली.

साहेब गेल्यावर बाई खोलीत आल्या. चेहरा पांढराफटक. मुलगी जाळीपासून वळली आणि आमच्या भाषेत, सगळ्यांदेखत, पहिल्यांदाच बोलली.

“बाई, मी… मी खरंच अडखळते. मग मला का नाही घेतलं?”

बाई तिच्यापुढे खाली बसल्या. “चुकलं माझं. आता वाचतेस? मी ऐकते.”

मुलीने पानाची घडी घातली, आणखी एक घातली आणि ते गाद्यांच्या खाली सरकवलं.