जाते, ताई

कोऱ्या जीन्सच्या रंगाचा उग्र वास आला की ती बाई आठवते. उल्हासनगरला कॅम्प चारच्या कारखान्यात ती जीन्सचे धागे कापायची. बोटं कायम निळी. मी नवशिकी समुपदेशक. सल्ला द्यायचा नाही, माणूस आपली वाट स्वतः शोधतो, आपण त्याचेच शब्द त्याला परत द्यायचे, हे घोकलेलं. दर मंगळवारी ती माझ्याकडे यायची आणि उठताना म्हणायची, "येते हं, ताई." त्या दिवशी पहिल्यांदाच ती अगदी शांत होती. दारात वळून म्हणाली, "जाते, ताई." घरी असं म्हटलं की आई ओरडायची, पण मी शिकल्याप्रमाणे म्हटलं, "जाताय." "हो. आता मोकळं वाटतंय." मी वहीत 'चांगली प्रगती' लिहिलं. पुढच्या मंगळवारी खुर्ची रिकामी राहिली, त्यानंतरच्याही. आता दारात कुणी 'जाते' म्हणालं की मी आडवी उभी राहते. "आधी 'येते' म्हणा."