कोऱ्या बाटलीचा निकाल

राग पाळणं सोपं काम नाही. बहुतेकांचा राग दोन दिवसांत विरतो आणि तिसऱ्या दिवशी ज्याच्यावर राग होता त्याच्याचबरोबर ते चहा पीत बसतात. बाटलीबाईंनी मात्र आपला राग पाच वर्षं तळहातावरच्या फोडासारखा जपला.

बाटलीबाई म्हणजे कॉलेजच्या पर्यावरणशास्त्र विभागातल्या प्रयोगशाळा परिचर. पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या धुणं हे त्यांचं काम, म्हणून हे नाव. काम कसं, तर डोळ्यांत तेल घालून. बाटली आधी साबणाने धुवायची, मग दिवसभर पातळ आम्लात बुडवून ठेवायची, मग शुद्ध पाण्याने तीनदा विसळून उपडी वाळवायची. तोंडाला बोट लागता कामा नये. एखाद्या विद्यार्थ्याने लावलंच, तर बाई त्याच्या हातून बाटली काढून घेत आणि पहिल्यापासून पुन्हा धूत. बोलत काही नसत, पण तो मुलगा परत त्या वाटेला जात नसे.

पाच वर्षांपूर्वी विभागप्रमुखांनी वस्तीबाहेरच्या ओढ्याचे आणि काठच्या विहिरींचे मिळून बारा नमुने तपासले. वरच्या अंगाला रंगाचा कारखाना होता. पाण्यात शिसं सापडलं, तेही मर्यादेच्या कितीतरी पट. विभागात दोन दिवस पळापळ झाली. तिसऱ्या दिवशी कारखान्याचे मालक येऊन गेले आणि विभागाला नवं कोरं तपासणी यंत्र भेट मिळणार असं ठरलं. चौथ्या दिवशी सूचनाफलकावर कागद लागला. परिचराच्या निष्काळजीपणामुळे बाटल्या दूषित होत्या, सबब सर्व निकाल रद्द. काठच्या लोकांनाही निरोप गेला की पाण्याला काही झालेलं नाही, खुशाल प्या.

बाई सरळ प्रमुखांच्या खोलीत गेल्या.

"सर, माझ्या बाटल्या स्वच्छ होत्या."

"माणूस आहे, चूक होते. मनाला लावून घेऊ नका, बाई."

ज्याने तोंडाला काळं फासलं त्यानेच वर रुमाल पुढे करावा, तसा हा प्रकार. बाईंच्या अंगाची लाही लाही झाली. वीस वर्षांत एका बाटलीला डाग नाही, आणि आता पोरंसोरंही त्यांना पाहून हसू दाबू लागली.

रविवारी त्या धाकट्या बहिणीकडे गेल्या. धाकटी ओढ्याच्या काठी राहायची. घरामागे भाजीचे वाफे, वाफ्यांना लागून विहीर. तिने ताईला पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. बाईंनी सर सांगितले, फलक सांगितला, हसणारी पोरं सांगितली.

"ताई, सोडू नकोस त्याला," धाकटी म्हणाली.

"सोडते कसली," बाई म्हणाल्या आणि एका दमात भांडं रिकामं केलं.

पण धरायचं कसं? आरडाओरडा करून काय होणार? परिचराचं ऐकतो कोण? बाईंनी ठरवलं, याला याच्याच शास्त्राने लोळवायचं. लग्नाआधी बारावी सायन्स झालं होतं, तो दाखला ट्रंकेतून बाहेर निघाला. नोकरी करून शिकायची परवानगी मिळवण्यात दोन वर्षं गेली. अर्जावर अर्ज, सहीवर सही. मग त्रेचाळिसाव्या वर्षी बाई पर्यावरणशास्त्राच्या पदवीला बसल्या. सकाळी बाटल्या धुवायच्या, दुपारी ॲप्रन खुंटीला लावून वर्गात पहिल्या बाकावर. प्रमुख फळ्याकडून वळले की समोर बाईच. त्यांचं पहिलं वर्ष बाईंच्या डोक्यावरून खिडकीकडे बघण्यात गेलं.

शिकवायचे मात्र छान, हे बाईसुद्धा नाकारत नसत. गरजा कमी करा, वस्तू पुन्हा वापरा, जवळचं पिकलेलं खा. आणि स्वतः दोन गल्ल्या ओलांडायला गाडी काढायचे. बाईंनी हेही खातं मनात उघडलं. हा जे नुसतं बोलतो, ते मी करून दाखवते. मला बोट दाखवायला जागाच ठेवत नाही. स्कूटर विकून सायकल घेतली. अंघोळ एका बादलीत आणि तेच पाणी कुंड्यांना. गॅलरीत ओल्या कचऱ्याचं खत. प्लास्टिकची पिशवी घरात आली की आणणाऱ्यासकट बाहेर. भाजी धाकटीच्या वाफ्यातली, कापडी पिशवीतून, सायकलवर. बाईंचे यजमान शिंपी. ते गिऱ्हाइकांना सांगत, "आमच्याकडे चिंधीलासुद्धा निवृत्ती नाही. पुढचा नंबर माझा." बाई हसत नसत. सूड घेताना हसून कसं चालेल?

दर रविवारी धाकटीकडे आठवड्याचा अहवाल व्हायचा. आज त्याला काय विचारलं, तो कसा अडखळला. धाकटी रंगून ऐकायची, हातातलं काम ठेवून टाळी द्यायची. तिच्या धाकट्या मुलाला पाढे राहत नसत आणि तो कायम फिकट दिसे. डॉक्टर दर वेळी रक्तवाढीचं औषध लिहून देत. तो विषय निघे, पण तेवढ्यापुरता. पुन्हा गाडी सरांवर.

शेवटच्या वर्षी प्रकल्प करायचा असतो. बाईंनी विषय दिला, नमुन्यांच्या बाटल्यांची स्वच्छता आणि निकालांची विश्वासार्हता. प्रमुखांना तो निरुपद्रवी वाटला. "तुमच्या हातातलाच विषय," म्हणून त्यांनी सही केली. त्यांच्या लक्षात आलं नाही की या विषयासाठी जुन्या वह्या उघडाव्या लागतात.

नमुने आणायला जाताना एक कोरी बाटली बरोबर न्यायची पद्धत असते. तीही त्याच आम्लात धुतलेली, पण आत प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी. ती ओढ्यावर उघडायची, बंद करायची आणि बाकीच्यांबरोबर तपासायची. तिच्यात शून्य आलं, तर बाटल्या स्वच्छ. बाईंनी दहा वर्षांच्या कोऱ्या बाटल्यांचे आकडे काढले आणि तोंडी परीक्षेला शिसं सापडलं त्या दिवसाचं पान बाहेरच्या परीक्षक मॅडमपुढे ठेवलं.

मॅडमनी चष्मा वर केला. "कोरी बाटली शून्य आहे. मग निकाल रद्द कोणी केले?"

"खाली सही आहे, मॅडम," बाई म्हणाल्या.

प्रमुख शेजारच्याच खुर्चीत होते. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. बाई ते डोळे भरून बघत होत्या. पाच वर्षांचं जागरण त्या एका ग्लासात फिटलं. पुढे चौकशी बसली, प्रमुखपद गेलं, निवृत्तीचा ठरलेला निरोप समारंभ रद्द झाला. खोलीतलं सामान नेताना सर जिन्यात समोर आले. बाई म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका, सर."

निष्काळजीपणाचा शेरा मागे घेतल्याचं पत्र आलं, तेव्हा रविवार उजाडायचीही वाट न बघता बाईंनी सायकल काढली.

धाकटीने पत्र दोनदा वाचलं. "म्हणजे बाटल्या स्वच्छ होत्या."

"लख्ख. पाच वर्षं दुसरं काय सांगत होते?"

"मग ते शिसं कुठून आलं होतं?"

"पाण्यातून," बाई म्हणाल्या आणि थांबल्या.

वही त्यांना तोंडपाठ होती. सातवा नमुना या घरामागच्या विहिरीचा होता. त्यापुढचा आकडा त्यांनी प्रकल्पात उतरवला होता, खाली रेघ मारली होती, मॅडमना वाचून दाखवला होता. बाटलीसाठी. आतल्या पाण्याकडे एकदाही लक्ष गेलं नव्हतं.

"तुझ्या बाटल्यांची तुला तेव्हापासून खात्री होती ना?" धाकटीने विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"हो."

मागून रहाटाचा आवाज आला. धाकटी उठली, दारात जाऊन मुलाला म्हणाली, "दोर सोड. घरात ये." मग तिने पत्राची घडी घातली, ताईच्या हातात दिली आणि तिच्याकडे बघत राहिली.

"तू त्याच्यावर सूड उगवलास, ताई. मी कोणावर उगवू?"