फुफाजींची किल्ली

फुकट घेतलेली एक टाचणीही ज्याच्या घरात सापडायची नाही आणि विकत घेतलेला एकही प्रोग्राम ज्याच्या कॉम्प्युटरात सापडायचा नाही, असा माणूस मध्य प्रदेशातल्या अवघ्या बालाघाट जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका आमच्या नात्यात निघाला. माझ्या आत्याचे यजमान. आम्ही त्यांना फुफाजी म्हणायचो, आणि आमचं ऐकून सगळी गल्लीही तेच म्हणे. उभी हयात त्यांनी कचेरीत काढली, पण पक्षकाराचा चहा कधी घेतला नाही. एकदा खिशातून सरकारी पेन्सिल चुकून घरी आली, तर ती परत ठेवायला ते भर उन्हात सायकल मारत गेले होते. पण निवृत्तीनंतर घरात कॉम्प्युटर आला आणि याच माणसाला एक वेगळंच शास्त्र सुचलं. "आपण घेतल्यानं त्याच्यातलं काही कमी झालं का? ज्याचं हाये त्याच्यापाशी हायेच ना. मंग चोरी कायची?" यावर उत्तर द्यायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. पण कचेरीत जन्म काढलेल्या माणसाशी वाद घालू नये, हे मी शहाणपणानं मान्य केलं आहे.

कुलूपबंद प्रोग्रामची किल्ली काढून देणारे बारके प्रोग्राम तेव्हा सीडीवर मिळत. ते सुरू केले की टिणटिण संगीत वाजू लागे. फुफाजींना ते इतकं आवडे की काम झालं तरी बंद करत नसत, आणि गल्लीला कळे की आज फुफाजींनी काहीतरी उघडलं. आधी अँटिव्हायरस बंद करा, अशी सूचना त्या सीडीवर हटकून असायची. मला ती वाचूनच धडकी भरे. फुफाजी शांतपणे म्हणत, "पाहुणा घरी येते तवा कुत्रं बांधूनच ठेवा लागते ना बापा!" आणि बांधलेलं कुत्रं सोडायचं त्यांना महिनामहिना आठवत नसे. तसं ते कुत्रंही चोरीचंच होतं म्हणा. कधी पडद्यावर लाल खिडकी येऊन धोक्याची सूचना देई. "कंपनीवाले भेव दाखवून राह्यले. भेला का विकत घेतलंच समज." मशीन रडतखडत चालू लागलं की दोष बालाघाटच्या व्होल्टेजला.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण त्याच मशीनमध्ये आत्याचा आवाज होता.

आत्या भुलाबाईची गाणी म्हणायची. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत गल्लीतल्या पोरी तिच्या ओसरीवर जमत. निम्म्या पोरींना मराठी धड येत नसे, पण आत्याच्या मागून सगळ्या बिनचूक म्हणत. मग तिच्या गळ्यात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की शस्त्रक्रियेनं जीव वाचेल, आवाज जाईल. दुसऱ्या दिवशी फुफाजींनी माइक आणला, रेकॉर्डिंगचा प्रोग्राम नेहमीच्या रीतीनं उघडला, आणि आत्याला खुर्चीत बसवून आठवतील तेवढी गाणी तिच्याकडून म्हणवून घेतली. मध्येच तिला रडू येई. हे थांबत, पाणी देत आणि पुन्हा बटण दाबत.

शस्त्रक्रियेनंतर आत्याच्या तोंडून नुसती हवा यायची. दुपारी फुफाजी गाणी लावत, ती तांदूळ निवडत बसे. आपण ऐकतच नाही असा चेहरा करून ती सुपातले तेच तेच तांदूळ पुन्हा पाखडायची.

गाणी जपायला हवीत हे फुफाजींनाही कळत होतं. ती निरनिराळ्या घरी ठेवायची असं त्यांनी ठरवलं. हार्डडिस्क काढून, दुपट्ट्यात गुंडाळून, लेकरू न्यावं तशी छातीशी धरून ते गल्लीतल्या मास्तरांकडे गेले, मग कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेले. गाणी त्या एकाच प्रोग्राममध्ये उघडत, म्हणून जाईल तिथे त्यांनी तो प्रोग्रामही त्याच सीडीवरून बसवून दिला. कुत्रं बांधून.

मी तेव्हा मलाजखंडला नोकरीत होतो. एका सकाळी फुफाजींचा फोन आला. "तुझी आत्या गाऊन नाही राह्यली रे. नावं दिसते, उघडते बी, पण आतमंधी काहीच नाही." मी मिळेल त्या बसनं निघालो. व्हायरसनं सगळ्या फायली आतून पुसल्या होत्या, नावं तेवढी जागच्या जागी होती. "भिऊन नको राहू, मास्तरकडं हायेत ना," असं फुफाजी मलाच धीर देत होते. मास्तरांकडेही नुसती नावं होती. त्यांच्या मुलीच्या लग्नाचे फोटोही गेले होते. औषधवाल्याकडे तीच गत. तो म्हणाला, "फूफाजी, आप ही की सीडी से आया होगा." फुफाजींनी दोघांपुढेही हात जोडले. या माणसाला कोणापुढे मान खाली घालताना मी तोवर पाहिलं नव्हतं. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण गलबलून आलं.

घरी येऊन ते आत्यापुढे खाली बसले. "मीच आणलं व घरात. तुहा आवाज मीच घालवला." आत्यानं त्यांच्याकडे बोट दाखवलं आणि ओठ हलवले. तुम्ही म्हणा.

फुफाजी आरतीलासुद्धा नुसत्या टाळ्या वाजवणारे. पण रोज ऐकून गाणी पाठ झाली होती. त्यांनी घोगऱ्या, बेसूर आवाजात सुरुवात केली. शब्द चुकला की आत्या सुपावर बोटांनी ठकठक करी. हे मागे जात, पुन्हा म्हणत. त्यानंतर आत्या होती तोवर रोज दुपारी हा कार्यक्रम चालला, आणि शेवटी शेवटी ठकठक क्वचितच ऐकू यायची.

आता दोघंही नाहीत. भुलाबाईच्या दिवसांत आत्याचं गाणं आठवावं म्हणून मी डोळे मिटून बसतो. शब्द सगळे येतात, चालही येते. आवाज मात्र फुफाजींचाच येतो.