चौकोनाखालचा शब्द

…तर चिमटा पडला. काल आपण इथवर आलो होतो. पडला म्हणजे टेबलावरून घरंगळला नाही बरं, चांगला भिंगवालीच्या बोटांतून सुटला. अठरा वर्षं ती घड्याळं दुरुस्त करतेय. केसाएवढी स्प्रिंग शिंकता शिंकता बसवेल. तिच्या हातून चिमटा पडणं म्हणजे माशानं पाण्यात गटांगळी खाणं. तिनं तो उचललाच नाही. हात दिव्याखाली धरला आणि बघत बसली. हात दगडासारखा स्थिर होता. तरी ती बघतच राहिली.

का, ते कळायला थोडं मागं जावं लागेल.

जिन्याखालचं ते दुकान मूळचं तिच्या वडिलांचं. आत बसलं की गुडघे समोरच्या भिंतीला टेकतात, एवढंच. डोळ्याचं भिंग न काढताच ती गिऱ्हाइकाशी बोलायची, म्हणून नाव पडलं भिंगवाली. हल्ली मनगटावर घड्याळ बांधतो कोण? लोक वेळही फोनलाच विचारतात. म्हणून छत्तिसाव्या वर्षी तिनं संध्याकाळच्या कॉलेजात नाव घातलं. पदवी मिळाली तर कुठंतरी कारकुनी तरी मिळेल. घेतलं कॉमर्स, पण विज्ञानाचा एक विषय सक्तीचा होता, 'सर्वांसाठी जीवशास्त्र'. पोरं त्याला 'झाडपाला' म्हणत आणि मागच्या बाकांवर डुलक्या काढत. भिंगवाली पहिल्या बाकावर. सूक्ष्मदर्शक आला तेव्हा बाकीचे डोळे मिचमिचवत बसले, आणि हिनं कांद्याच्या पापुद्र्यातली पेशी अशी झटक्यात टिपली की सर म्हणाले, "ताई, तुम्ही फळ्याशी या, मी बाकावर बसतो."

त्याच सरांनी पुढं घरचा अभ्यास दिला. घराण्यातली एखादी खूण घ्या, कानाची पाळी म्हणा, गालावरची खळी म्हणा, आणि तीन पिढ्यांची वंशावळ काढा. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. ज्याला खूण असेल तो काळा भरा, नसेल तो पांढरा ठेवा. आणि काय ते शिसपेन्सिलीनं, म्हणजे चुकलं तर खोडता येईल.

पोरांनी खळ्या काढल्या. हिच्या घराण्यात खळ्या कुठल्या? हिनं घेतले हात.

घरातल्या माणसांचे हात बिघडतात हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. फक्त ज्याचं त्याचं कारण वेगळं. आजीची मान आणि हात आपोआप उडायचे, ते म्हणे शेवटच्या बाळंतपणात शिरा आखडल्या म्हणून. थोरल्या काकांना कारखान्यात विजेचा धक्का बसला होता. आणि बाबांचं कारण तर शोधावंही लागलं नाही. बेचाळिसाव्या वर्षी हात उडू लागले, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या, जीभ जड झाली. अख्ख्या गल्लीनं ओळखलं. गिऱ्हाइकं आधी वास घेत, मग घड्याळ देत. बाबा म्हणायचे, "थेंबाला शिवलो नाही गं." आई म्हणायची, "चोराच्या उलट्या बोंबा." एकदा भर दुकानात, गिऱ्हाइकासमोर, अठरा वर्षांची ही बोलून गेली, "बाबा, आम्हाला तोंड दाखवायला जागा ठेवा. निदान सकाळची तरी घेऊ नका."

बाबांनी डोळ्याचं भिंग काढून तिच्या हातात दिलं आणि उठले. त्या खुर्चीत पुन्हा बसले नाहीत. सात वर्षं अंथरुणात काढली आणि गेले.

वंशावळीत भिंगवालीनं जरा हुशारी केली. नुसतं काळं काय करायचं, म्हणून प्रत्येकाखाली कारणही लिहिलं. आजीच्या गोलाखाली 'बाळंतपण'. काकांच्या चौकोनाखाली 'वीज'. बाबांच्या चौकोनाखाली 'दारू'. आत्या सत्तरीत ठणठणीत, तिचा गोल पांढरा. मग कागद लांब धरून बघितला. वर आजी काळी, तिच्याखाली दोन लेक काळे, आणि धाकट्याच्या खाली त्याच्या एकुलत्या एका लेकीचा गोल. तो कसा ठेवायचा ते तिला कळेना. कागद बाजूला सारून ती हातातल्या घड्याळाकडे वळली, आणि तेव्हा तो चिमटा पडला.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर तिनं कागद सरांपुढं केला.

सर हसले. "ताई, कारणं कुणी विचारली होती?" मग वाचता वाचता हसू ओसरलं. "हे सगळं चाळिशीच्या आसपास सुरू झालं?"

"हो."

"हात वेडेवाकडे उडायचे? तोल जायचा, बोलणं जड व्हायचं?"

"तुम्ही बाबांना बघितलं होतं का?"

सरांनी खडू खाली ठेवला. मी डॉक्टर नाही, म्हणाले, माझं चुकतही असेल. पण रक्तातून उतरणारा असा एक आजार असतो. त्याला बाळंतपण लागत नाही की वीज लागत नाही. आईला किंवा बापाला असला की प्रत्येक लेकराच्या वाट्याला निम्मी शक्यता, छापा की काटा. बरं करणारं औषध अजून निघालेलं नाही.

"आणि माणूस प्यायल्यासारखा दिसतो?"

"दिसतो. लोक बहुतेक तेच समजतात."

शिपाई दाराशी किल्ल्या घेऊन उभा होता. सरांनी त्याला हातानंच थांबवलं.

"मोठ्या दवाखान्यात रक्त तपासून सांगतात," ते हळूच म्हणाले. "हो की नाही, पक्कं कळतं. चिठ्ठी देऊ का, ताई? तुमचा गोल अजून तसाच आहे."

"माझं बघू सावकाश, सर," ती म्हणाली. "आधी तुमचं खोडरबर द्या. बाबांच्या खाली मी 'दारू' लिहिलंय."