जंतूच्या अंगावरचं बटण

कुंदा मॅडम बोलताना समोरच्याच्या शर्टाचं बटण धरायच्या आणि पिळायच्या. काळजी जितकी मोठी, तितका पीळ घट्ट. आनंदनगरच्या आमच्या लशीच्या प्रयोगशाळेत मी उंदीर सांभाळायचो. माझ्या तुटलेल्या बटणांत अख्ख्या अंबरनाथचे शर्ट शिवून झाले असते. खोटं वाटत असेल तर बायकोला विचारा.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला पकडलं. "सावंत, न्यूमोनियाचा हा जंतू कापडं बदलतो. आज चौकडी, उद्या रेघा. आपल्या लशी कापड ओळखतात. मेला नवं घालून आत शिरतो. पण बटण? ते सगळ्यांना लागतंच!" बटण म्हणजे जंतूच्या अंगावरचं एक प्रथिन. ते ओळखायला शरीराला शिकवलं, की झाली लस.

ही अक्कल पुस्तकातली नव्हती. त्यांचा भाऊ अरुण उल्हासनगरात जीन्सना बटणं मारायचा. लहानपणी हाच जंतू मेंदूपर्यंत गेला आणि अरुणचे दोन्ही कान घेऊन परतला. "मशीनच्या खडखडाटाचा त्याला त्रास नाही हो," मॅडम म्हणायच्या, आणि माझं बटण गर्रकन फिरायचं.

मॅडमच्या निवृत्तीला आठवडा उरला आणि शेवटची चाचणी लागली. लस दिलेल्या उंदरांना खरा जंतू टोचला. मॅडम पिंजऱ्यांसमोरून हलेनात.

"सावंत, तो कोपऱ्यातला झोपलाय, की...?"

"झोपलाय मॅडम. घोरतोय, ऐका."

उंदीर कसला घोरतोय! मीच नाकातून आवाज काढत होतो.

"अरुणला सांगायचंय हो जाण्याआधी," त्या पुटपुटल्या. तिसरं बटण गेलं.

तिसऱ्या सकाळी बहुतेक उंदीर माझी बोटं खायला वाघासारखे धावले. तिघे उठले नाहीत. त्या तिघांतला जंतू तपासला, तर त्याच्या अंगावर बटणच नाही!

"नाडी बांधली की हो मेल्याने!" मॅडम हसल्या. हात माझ्या शर्टाकडे आला, तिथे बटण उरलं नव्हतं. तो हात तसाच हवेत राहिला.

निरोपाच्या दिवशी त्या अरुणला घेऊन आल्या. त्याने माझ्या शर्टाला जीन्सची पितळी बटणं ठोकून दिली. मॅडमनी एक धरून सगळा जोर लावला. हललं नाही. अरुण पोट धरून हसला.

"नाडी तुम्ही लोकांनी शोधा," त्या म्हणाल्या.

आता नव्या मॅडम शोधतायत. काळजीत पडल्या की स्वतःच्या ओढणीचं टोक पिळत बसतात.

मी आपला शर्ट पुढे करतो.